कॅसीचे धुतलेले हातमोजे

कॅसीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती थुंकत होती.

कतारमध्ये, दोह्यातल्या त्या बंगल्यात माझा पहिलाच दिवस होता. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या कुठे आहेत ते बघायला मी मागचं दार उघडलं, तर आवारात एक उंच, सोललेल्या गुडघ्यांची मुलगी भिंतीसमोर उभी. हातात जाडजूड काळे हातमोजे. ती एका तळव्यावर थुंकली, मग दुसऱ्यावर, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, भिंतीवर लाथेने बॉल मारला आणि परत आलेला झेलला. माझ्याकडे बघून "हाय" म्हणाली आणि पुन्हा थुंकली. मी दार लावून घेतलं. मनात म्हटलं, या अल्ला, कुठल्या घरात आणून सोडलंस मला.

मी दापोलीकडच्या खाडीकाठची. नवरा वारल्यावर दोन पोरं आईकडे ठेवली. माझा दीर दोह्याच्या नजमा भागात एका शिंप्याच्या दुकानात कामाला होता, त्याने ओळखीतून या अमेरिकन घरातलं काम मिळवून दिलं. सर शहराबाहेर मेसईदच्या खताच्या कारखान्यात इंजिनियर होते. पहाटे जायचे ते दिवेलागणीला यायचे. मॅडम शाळेच्या लायब्ररीत. मुलगी एकच, कॅसी, तेव्हा पंधरा वर्षांची. माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी येत नव्हतं, हिंदी कामापुरतं. त्यातून स्वभाव असा भित्रा की पाहुण्यांपुढे पाण्याचा ट्रे न्यायचा तरी मी दाराआड घुटमळायची. शेजारच्या बंगल्यातली हैदराबादची स्वयंपाकीण मला आपा, म्हणजे ताई, म्हणायची, ते ऐकून कॅसीही आपा म्हणायला लागली.

तिची भाषा म्हणजे खिचडी होती. इंग्रजी, ड्रायव्हरकडून उचललेलं हिंदी, रस्त्यावरची अरबी आणि माझी मराठी. मी इथे ती माझ्या भाषेत लिहिते आहे, कारण मला ती तशीच आठवते.

कॅसी गोलकीपर होती. फुटबॉल खेळते असं ती कधी म्हणायची नाही, "मी गोलकीपर आहे," म्हणायची, जसं कुणी म्हणावं मी कोकणातली आहे. घरात ती सरळ कधी बसली नाही. जेवताना उभी, एका पायावर. कोपरांवर, कमरेवर निळे-हिरवे डाग, ते बांगड्यांसारखे दाखवायची. दारातून जाताना दोन्ही हात पसरून चौकटीच्या दोन्ही बाजूंना बोटं लावल्याशिवाय पुढे जायची नाही. मी एकदा विचारलं, हे काय ग? म्हणाली, "आपा, गोलकीपरला मागे बघता येत नाही. मागे काय आहे ते हातांना माहीत असावं लागतं."

आणि गोल झाला की, आवारात असो वा मैदानावर, एकच बोलणं. "खलास. पुन्हा." तोंड वाकडं नाही, कुणावर ओरडणं नाही. मला ते बघून नवल वाटायचं. माझ्याकडून एक कप फुटला तर तो मी आठवडाभर मनात फोडत बसायची.

तिच्या शाळेत मुलींची टीम नव्हती. पहिली दोन वर्षं ती मुलांच्या गोलमध्ये उभी राहिली. मुलं मुद्दाम जोरात मारायची, ती मुद्दाम जोरात अडवायची. पण घरी सराव द्यायला कुणी नव्हतं. सर दमून यायचे. एक दिवस तिने आवारात माझ्या हातात बॉल दिला. "आपा, फेक."

मी म्हटलं, मला नाही येत.

"फेक ग. भिंतीला कळतंच नाही कुठे मारायचं ते."

मी फेकला. लहानपणी मी दगडाने कैऱ्या पाडायची. गावात माझ्या नेमाची मुलं शपथ घ्यायची. लग्नानंतर ते सगळं विसरले होते, पण हात विसरला नव्हता. बॉल तिच्या डाव्या खांद्याच्या वरून कोपऱ्यात गेला. ती उडालीच नाही, बघत राहिली. मग म्हणाली, "तू हे लपवून ठेवलं होतंस?"

त्या दिवसापासून रोज तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर अर्धा तास मी ओढणी कमरेला खोचून बॉल फेकायची. "वर. खाली. जोरात. पुन्हा." एवढे मराठी शब्द तिला पक्के आले. शिंदेभाऊ, म्हणजे सरांचे ड्रायव्हर, साताऱ्याकडचे. बायको-पोरं गावाला ठेवून एकटे राहत. ते गाडी पुसता पुसता बघायचे. "जमीलाताई, तुमी हिला गोळ्या घालताय का काय? पैलवान, सांभाळ. कोकणातली बाई हाय, नेम चुकायचा न्हाई!" कॅसीला शब्द कळायचे नाहीत, पण ती हसायची आणि पडल्यापडल्या ओरडायची, "पुन्हा!"

ती सतरा वर्षांची झाली आणि घरातली हवा बदलली. जूनमध्ये तिची शाळा संपणार होती. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या टीम असतात, खेळणाऱ्या मुलीची फी कॉलेज भरतं, हे मला शिंदेभाऊंनी समजावलं. पण तिकडचे प्रशिक्षक मुलींना बघायला कतारला थोडेच येणार? त्यांना व्हिडिओ कॅसेट पाठवायची. तीही मुलांच्या टीममधली चालणार नव्हती, मुलींची मॅच हवी. त्या वर्षी शाळेने कशीबशी मुलींची टीम उभी केली होती, पण समोर खेळायला टीम कुठून आणणार? शेवटी बहरीनच्या एका शाळेच्या मुली विमानाने येणार असं ठरलं. एकच मॅच. त्यानंतर उन्हाळा लागणार होता, मग मैदानावर कुणी पाय ठेवत नाही. सरांनी कॅमेरा विकत आणला. कॅसेट दोन कॉलेजांना जायची होती, एक मोठं नावाजलेलं, एक लहान.

"बाकी मुलींना दहा जागा असतात," कॅसी मला म्हणाली. "आपा, गोलकीपरला एक. ती गेली की गेली."

हे ती सहज बोलली नव्हती. त्या आठवड्यात ती जेवायची कमी आणि चौकटींना हात लावायची जास्त.

आता मी माझ्या हाताने काय केलं ते लिहिते.

मॅचच्या दिवशी ती सकाळी शाळेत गेली. मॅच चारला, शाळेच्याच मैदानावर. तिची बॅग मॅडम आणि मी तीन वाजता घेऊन जाणार होतो. मी बॅग उघडली, कपडे इस्त्री करायला काढले, तळाशी ते काळे हातमोजे. नवे होते, तिच्या मावशीने अमेरिकेहून पाठवलेले. जुने फाटले म्हणून टाकून दिले होते. दोह्यात तसले मिळत नसत. थुंकीने पकड येते म्हणत दोन आठवडे ती त्यांच्यावर थुंकत होती. वास मारत होते.

आमच्याकडे पोर परीक्षेला निघालं, कुणी मोठ्या कामाला निघालं, तर अंगावर धुतलेलं, स्वच्छ असलं पाहिजे. मळक्या कपड्यांत निघणाऱ्याच्या कामात बरकत कुठून येणार? माझी आई तर टोपीसुद्धा धुवून द्यायची. आणि हिच्या आयुष्याची परीक्षा, ती थुंकीने भरलेल्या हातमोज्यांनी द्यायची? मी गरम पाणी काढलं. साबण घातला, दोन झाकणं ब्लीच घातलं, तळवे ब्रशने घासले. स्वच्छ निघाले. मग दोरीवर उन्हात टाकले. चार वाजेपर्यंत सुकायला हवेत म्हणून तळव्याची बाजू उन्हाकडे केली.

ती तिचे हातमोजे कधी कुणाला धुऊ देत नसे. साध्या पाण्यातून काढून सावलीत ठेवायची. मी ते रोज पाहिलं होतं. मला वाटायचं पोर आळशी आहे.

बारा वाजता बघायला गेले तर तळव्यांचा मऊ रबरी फोम पापडासारखा कडक झालेला. मुठीत धरला तर बारीक तडे गेले. बोटाने चोळलं तर भुगा निघाला.

घरात कुणी नव्हतं. मला सुचलं ते एकच. कातडं तडकलं, लाकूड तडकलं, टाच तडकली, तरी आम्ही खोबरेल तेल लावतो. मी बाटली आणली आणि तळव्यांना तेल जिरवलं. आणि काय सांगू, ते मऊ झाले, काळेभोर झाले, नव्यासारखे दिसायला लागले. मी अल्लाचे आभार मानले. वर चकाकी राहिली होती, ती दिसू नये म्हणून फडक्याने पुसून थोडी पावडर चोपडली. बॅगेत ठेवले. तीन वाजता मॅडम आल्या, "रेडी?" म्हणाल्या. मी मान हलवली.

आपण लपवतो आहोत हे तेव्हा मला माहीत होतं. तेलाने काय होईल ते माहीत नव्हतं, पण पावडर मी लपवायलाच लावली होती.

मैदानाच्या एका बाजूला खुर्च्या होत्या, तिथे आईबाप बसले. सर गोलच्या मागे कॅमेरा घेऊन उभे. मी आणि शिंदेभाऊ कुंपणापाशी गाडीजवळ. कॅसीने हातमोजे घातले, तळव्यांवर थुंकली, चोळलं. थांबली. तळव्यांकडे पाहिलं. शर्टाला पुसले. पुन्हा थुंकली. तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिला बॉल अगदी सोपा होता. लांबून उंच आलेला, माझ्या आईनेही झेलला असता. कॅसीने दोन्ही हात वर केले, बॉल हातात आला, आणि साबणाची वडी सटकावी तसा डोक्यावरून मागे गोलमध्ये गेला. बहरीनच्या मुलींनाच खरं वाटेना, त्या ओरडायच्या विसरल्या. कॅसीने बॉल काढून पुढे मारला. तिचे ओठ हललेले दिसले. "खलास. पुन्हा," म्हणाली असेल.

शिंदेभाऊ म्हणाले, "आरं! काय झालं पैलवानाला?"

मी कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरली.

दुसरा गोल तसाच. खालून आलेला बॉल तिने आडवं पडून अडवला, पण तो छातीशी धरता आला नाही. हातातून निसटून समोरच्या मुलीच्या पायाशी गेला, तिने आत ढकलला. या वेळी कॅसीचे ओठ हलले नाहीत. ती उठली आणि आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. दोन वर्षांत मी तिला तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यानंतर बॉल झेलायचंच तिने सोडलं, नुसती मुठीने लांब लोटत होती. तेही घाबरत घाबरत.

मी शिंदेभाऊंना सगळं सांगून टाकलं. गरम पाणी, ऊन, तेल, पावडर. त्यांनी डोक्याला हात लावला. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला.

"ताई, गप ऱ्हावा. पासपोर्ट सायबाकडं हाय तुमचा. हितं चूक कबूल करणाऱ्याला शाबासकी न्हाई मिळत, तिकीट मिळतंय. पोरं हायेत ना तुम्हाला?"

"आहेत."

"मग? दोन गोल गेलेत, ते काय परत येनार न्हाईत. ती आपली समजंल रबर खराब निघालं म्हनून."

त्यांचं खोटं नव्हतं. माझ्या दोन पोरांची शाळा, आईचं औषध, सगळं त्या बंगल्यावर चाललं होतं. मी गप्प राहणार होते. मध्यंतराची शिट्टी झाली. सगळ्या मुली पाण्याकडे गेल्या, कॅसी गेली नाही. गोलच्या खांबाला पाठ टेकून बसली आणि हातमोजे घातलेले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. एखाद्या मेलेल्या पाखराकडे बघावं तसं.

ते मला बघवेना. कुंपणाचं फाटक उघडून मी मैदानात शिरले. इतकी माणसं बघत असताना मी आयुष्यात कुठे चालत गेले नव्हते. गवत संपता संपेना.

"कॅसी."

"आता नको, आपा." तिने वर पाहिलं नाही. "आज माझे हात घाबरलेत. कधी घाबरत नाहीत. मला माहीत नव्हतं हात घाबरतात."

"हात नाही घाबरले. तेल आहे."

"काय?"

"तेल. खोबरेल. मी लावलं. सकाळी मी धुतले, उन्हात टाकले, तडकले, म्हणून तेल लावलं. वरून पावडर. कुणाला सांगितलं नाही. मी केलं, मी." मी कुठल्या भाषेत बोलत होते मलाच माहीत नाही, पण तिला सगळं कळलं.

तिने हातमोजा नाकाशी नेला. चेहरा लाल झाला, कपाळापासून गळ्यापर्यंत. मला वाटलं आता मारते. मग ती म्हणाली, "तेल." आणि पुन्हा, "तेल!" आणि हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. पाण्याखालून वर आलेला माणूस श्वास घेतो, तसं होतं.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

"नाही. मी."

तिने दोन्ही हातमोजे काढून गोलच्या जाळीमागे भिरकावले. तिचे हात तेलाने चमकत होते. "साबण आण. पळ!"

मी पळाले. शिंदेभाऊंनी मला येताना पाहिलं आणि न विचारता डिकीतून गाडी धुवायच्या साबणाची बाटली नि पाण्याचा कॅन काढला. तिने हात धुतले, मग मैदानाच्या कडेची वाळू मुठीत घेऊन चोळली, पुन्हा धुतले. नऊ वर्षांची असल्यापासून ती उघड्या हातांनी खेळली नव्हती. तिच्या टीमचे गुरुजी धावत आले, म्हणाले वेडी आहेस का, बोटं मोडतील. ती म्हणाली, "बोटं माझी आहेत."

पुढचा पाऊण तास मी कसा काढला ते मलाच माहीत. पहिला बॉल आला तो तिने छातीवर दाबून धरला, आणि तो आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला. उघड्या मांसावर चापट बसल्यासारखा. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी ती हात झटकायची आणि पुन्हा गुडघे वाकवून उभी राहायची. आमच्या मुलींनी एक गोल केला. दोन-एक. आणि मग पंचाने बहरीनला पेनल्टी दिली.

शिंदेभाऊंनी डोळे मिटले. "ताई, झालं की सांगा."

समोरची मुलगी दांडगी होती. तिने उजव्या कोपऱ्यात मारला. कॅसी आडवी झेपावली, बॉल तिच्या बोटांच्या टोकांना लागून खांबाबाहेर गेला. सगळे ओरडले. ती उठली तेव्हा तिची उजव्या हाताची करंगळी भलतीकडे वळली होती. तिने ती मुठीत धरली आणि उरलेली मॅच तशीच खेळली. त्यानंतर गोल झाला नाही. पण आमच्या मुलींनाही दुसरा करता आला नाही. आम्ही हरलो.

दवाखान्यातून परतताना गाडीत मॅडमनी विचारलं, हातमोज्यांना काय झालं होतं? शिंदेभाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मान अगदी बारीक हलवली, नाही म्हणून. माझ्याआधी कॅसी बोलली. "गोलकीपरने स्वतःचे हातमोजे स्वतः बघायचे असतात. मी बघितले नाहीत."

तिथे गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण मैदानात एकदा तोंड उघडलं होतं, ते पुन्हा मिटेना. "मॅडम, मैंने धोया," मी म्हटलं. "तेल भी मैंने लगाया."

घरी आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, यापुढे तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही. मग सर आणि त्या दार लावून बराच वेळ बोलत होते. मी माझ्या खोलीत पेटी काढून बसले. काय काय न्यायचं ते मनात ठरवलं. दोन आठवडे रोज सकाळी वाटायचं, आज सांगतील.

कॅसी माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला दूध नेऊन दिलं. करंगळीला पट्टी होती. म्हणाली, "आपा, मी रागावलेय. अजून संपला नाही. संपला की सांगेन." आणि चौथ्या दिवशी खरंच स्वयंपाकघरात येऊन, उभ्याउभ्या भाकरीचा तुकडा तोडून म्हणाली, "संपला." असं कुणी करतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे राग धरतात तो धरतात, नाहीतर नव्हताच असं दाखवतात. ती राग आजारपणासारखा होऊ द्यायची आणि बरी झाली की सांगायची.

मग कॅसेटवरून भांडण झालं. सरांचं म्हणणं, पहिला अर्धा भाग कापायचा, उघड्या हातांचाच पाठवायचा. त्यांचं बरोबर होतं, अगदी मलाही वाटत होतं. कॅसी ऐकेना. "दोन गोल गेले. ते माझ्या गोलमध्ये गेले. मी ते लपवून कुणाच्या टीममध्ये जाणार नाही." बापलेकीचा आवाज वरच्या मजल्यावरून स्वयंपाकघरात येत होता. मी कणीक मळत होते, तीच तीच पुन्हा मळत राहिले. शेवटी अख्खी कॅसेट दोन्हीकडे गेली.

दीड महिना गेला. मला काढलं नव्हतं, पण ठेवलंय असंही कुणी म्हणालं नव्हतं. फोन वाजला की घरातले तिघं थांबायचे आणि मी चौथी. मोठ्या कॉलेजचं काहीच आलं नाही, असं कॅसी म्हणायची. मग एक दिवस लहान कॉलेजच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. घरी कॅसी आणि मीच. ती उभी राहून बोलत होती, रिकामा हात चौकटीवर. मला इंग्रजी कळत नव्हतं, पण मध्येच "आपा" ऐकू आलं. फोन ठेवून ती तिथेच जमिनीवर बसली. घरात तिला बसलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

"घेतलं," म्हणाली. "तिसरी गोलकीपर. फी अर्धी आपण भरायची. पण घेतलं."

मी विचारलं, माझं नाव कशाला घेतलंस?

"त्यांनी विचारलं, मध्यंतरात हातमोजे का काढले? म्हटलं, माझ्याबरोबर सराव करते ती आपा सांगायला आली."

त्या आठवड्यात मॅडमनी मला हाक मारून माझ्या व्हिसाचे कागद पुढच्या दोन वर्षांसाठी सरांकडे दिल्याचं सांगितलं. बाकी काही नाही.

ऑगस्टमध्ये ती गेली. तिची पत्रं मॅडम वाचून सांगायच्या. पहिलं वर्ष बाकावर. दुसरं वर्ष बाकावर. तिसऱ्या वर्षी पहिल्या गोलकीपरचा खांदा निखळला आणि कॅसी उभी राहिली, ती शेवटपर्यंत हलली नाही. चौथ्या वर्षाचा एक फोटो माझ्याकडे आहे. हवेत आडवी, बॉल दोन्ही हातांत. कॉलेज संपल्यावर पगार देणारी बायकांची एक टीम मिळाली. एक हंगाम खेळली. मग त्या सगळ्या टीमच बंद पडल्या, बघायला पुरेशी माणसं येईनात म्हणे. त्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेवीस वर्षांची होण्याआधी तिचं खेळणं संपलं. आता एका गावात लहान मुलींना गोलमध्ये उभं राहायला शिकवते.

सर निवृत्त झाले तेव्हा घर आवरायला ती आली. जरा लंगडत होती. मी चिनी मातीच्या बश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते, ती शेजारी बसून कागद देत होती. उद्या तीही जाणार, मीही माझ्या गावी जाणार. पाच वर्षं जे आत होतं ते मी विचारलं.

"कॅसी, माझ्यामुळे तुझं नुकसान झालं का?"

तिने हातातला कागद खाली ठेवला. मला वाटलं आता म्हणेल, छे, काहीतरीच काय आपा.

"झालं," ती म्हणाली. "मोठ्या कॉलेजचं नकाराचं पत्र आलं होतं. मीच लपवलं. त्यांनी लिहिलं होतं, पहिला अर्धा भाग पाहिला, पुढचा पाहिला नाही. घेतलं असतं तर ते पूर्ण फी देणार होते. तिथून मी कदाचित आणखी पुढे गेले असते. कदाचित नसते."

माझ्या हातातली बशी खाली ठेवायला मला दोन्ही हात लागले.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तुला तेव्हा पेटी काढून बसलेलं पाहिलं होतं मी." मग तिने माझं मनगट धरलं. तिची पकड अजून तशीच होती. "आता नीट ऐक. तेल तुझं. ते लपवलंस, तेही तुझं. हातमोजे बघितले नाहीत, ते माझं. कॅसेट कापू दिली नाही, तेही माझं. टीम बंद पडली, ते कुणाचंच नाही. तुझा वाटा तुझा आहे, आपा, तो मी पुसणार नाही. पण माझा तू घेऊ नकोस."

मला रडू आलं. तिने येऊ दिलं, उगी म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिने पुढचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि आम्ही उरलेल्या बश्या बांधल्या.

नवरा गेला, पोरांपासून लांब राहिले, आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ नव्हते. या सगळ्याचा बोजा मी वर्षानुवर्षं एकटीचा म्हणून वाहत होते. गावी आल्यावर मी तो एकदा उतरवून नीट पाहिला. त्यात माझं किती आणि बाकीच्यांचं किती, ते वेगळं केलं. माझं होतं ते निघालं. पण मला वाटलं होतं त्याहून बरंच कमी निघालं.